तीनशे वीस रुपयांची पाण्यातली झाडं, जळगावचं बोअरचं पाणी आणि मे महिना: आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

नोव्हेंबरात घेतलेल्या झाडांचा रिव्ह्यू आत्ता जुलैत लिहितेय, कारण फिश टँकमधली झाडं पंधरा दिवसात कळत नाहीत, आणि जळगावात तर मे पार पडल्याशिवाय कोणत्याच झाडाचं कौतुक करू नये असं मला वाटतं. टँक आमचा साधाच आहे, दोन फुटी, साठेक लिटर पाणी मावतं, त्यात गप्पी आणि चार मॉली, खाली बांधकामातून उरलेली वाळू (बारा-तेरा वेळा धुतली तेव्हा कुठे पाणी नितळ निघालं), वर एलईडी लाईट टायमरवर आठ तास. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर वगैरे काही नाही. घेतलेली झाडं म्हणजे हॉर्नवर्टच्या दोन जुड्या, वॅलिसनेरियाची आठ रोपं, वॉटर विस्टेरियाची एक जुडी, हायग्रोफिलाची एक जुडी आणि ब्राह्मीची एक छोटी कुंडी. सगळं मिळून तीनशे वीस रुपये. आज त्यातून माझे दोन टँक भरलेत, गच्चीवरचा एक टब भरलाय, आणि कॉलनीत पाच घरी झाडं गेलीत.

दुकान छोटं आहे, गल्लीतलं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. दुकानदार भाऊ अमळनेरकडचे, बोलणं सगळं अहिराणी मिसळून. पैसे घेण्याआधी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, पाणी बोअरचं का नळाचं, टँकवर ऊन येतं का, आणि उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर असतो का. झाड विकणाऱ्याने असं काही विचारलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून मी "पाण्यातली झाडं" म्हणून तीन रोपं आणली होती, हिरवी-पांढरी पट्ट्याची, दिसायला फार सुंदर, दीडशेला एक. महिनाभरात खालून काळी पडून सडली, पाण्याला वास यायला लागला, तेव्हा शोधल्यावर कळलं की ती ड्रॅसिना, म्हणजे लकी बांबूच्याच कुळातली कुंडीतली झाडं. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असली तर ती वर्षानुवर्षं जगतात, पण पूर्ण बुडवली की हळूहळू मरतातच. मला याचा खरंच राग आला होता कारण माझ्या मुलाने त्या झाडांना रोज बघून वहीत चित्र काढलं होतं. तर एक ओळखायची खूण सांगते, पाण्याखालीच वाढलेलं झाड पाण्याबाहेर काढलं की लोळागोळा होऊन आडवं पडतं कारण त्याला उभं राहायला पाण्याचा आधार लागतो, आणि जे हातात ताठ उभं राहतं, पान चिवट आणि मेणचट लागतं, त्याच्याबद्दल दोनदा विचारा. अनुबियास आणि जावा फर्न याला अपवाद आहेत, ती चिवट असूनही पाण्यात मस्त जगतात, पण ती फार हळू वाढतात आणि त्यांची आडवी खोडमुळी वाळूत पुरली तर सडते, दगडाला दोऱ्याने बांधावी लागतात.

घरी आणल्यावर पहिल्या दहा दिवसात विस्टेरियाची पानं गळायला लागली, चाळणीसारखी पारदर्शक होऊन. मी घाबरून परत दुकानात गेले तर भाऊ म्हणाले ताई थांबा, शेंडा बघत राहा. विकायची बरीच झाडं पाण्याबाहेर, नुसत्या ओल्या मातीत वाढवलेली असतात कारण तशी ती लवकर आणि निरोगी वाढतात, आणि त्या हवेतल्या पानांना पाण्याखाली काम करता येत नाही, म्हणून झाड ती टाकून देतं आणि नवीन पानं काढतं. विस्टेरियात हे इतकं स्पष्ट दिसतं की बघत बसावं, जुनं पान साधं, अखंड, कडेला थोडे दाते, आणि पाण्याखाली आलेलं नवीन पान गाजराच्या पाल्यासारखं बारीक कातरलेलं. एकाच काडीवर खाली एक झाड आणि वर दुसरं झाड असं वाटतं. तेव्हा नवीन झाड आणलं आणि खालची पानं गेली म्हणून उपटून फेकू नका, सडकी पानं तेवढी काढत राहा म्हणजे पाणी खराब होत नाही.

आता पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर साडेसहाशेच्या आसपास, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीच्या कडेला पांढरा थर. मला वाटायचं या पाण्यात झाडं येणारच नाहीत, आणि व्हिडिओत सगळे मऊ पाणी, सीओटू, अमुक माती असंच सांगतात. पण वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट आणि आपल्या तळ्यातली हायड्रिला ही झाडं जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन काढून घेतात, त्यांना वेगळा गॅस सोडावा लागत नाही. म्हणजे ज्या पाण्याला आपण खारं म्हणून नावं ठेवतो त्याच्यातच यांचं जेवण आहे. पानांवर कधीकधी पांढरी खरखरीत भुकटी बसते, ती रोग नाही, झाडाने बायकार्बोनेट ओढल्यावर मागे राहिलेला चुना असतो. सगळ्याच झाडांना हे जमत नाही, मॉसला नाही जमत, त्यामुळे खानदेशात बोअरवर टँक ठेवणाऱ्याने आधी या स्वस्त जुड्या घ्याव्यात आणि महागडी लाल झाडं नंतर बघावीत, हे माझं ठाम मत झालंय.

दुसरं कारण माशांचं. माशांच्या शीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि पाण्याचा पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो, पाणी गरम असेल तर अजून वाढतो. आमचं पाणी 8 च्या वर, आणि उन्हाळा तर विचारूच नका. म्हणजे चुकून जास्त खाणं पडलं तरी इथले मासे लवकर मरतात. भराभर वाढणारी झाडं हा अमोनिया सरळ खत म्हणून ओढून घेतात, म्हणून वाढीचा वेग इथे शोभेसाठी नाही, माशांच्या जिवासाठी लागतो. एक मात्र हात जोडून सांगते, शेतातला युरिया चिमूटभर टाकून बघू असं कोणी करू नका, त्याचा अमोनियाच होतो.

वॅलिसनेरिया माझी सगळ्यात आवडती. गवतासारखी लांब पातं, आठ रोपं मागच्या काचेला लावली होती आणि पहिला महिना काहीच झालं नाही, नुसती उभी. मग एका रोपाच्या बुंध्यातून पांढरा दोरा वाळूवरून निघाला आणि चार बोटांवर नवीन रोप, त्याच्यापुढे अजून एक, हरळी कपाशीत पसरते अगदी तशी साखळी. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीचं, त्यामुळे हे बघून मला पहिल्यांदा केळीचे मुनवेच, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लंच आठवली. पप्पा मुनवे वेळेत काढायचे म्हणजे मूळ झाडाला ताकद मिळते, आणि पिलबाग (पिल्लावरच पुढचं पीक) धरायची असेल तेव्हा एकच जोमदार पिल्लू ठेवायचे. वॅलिसला पण मी तेच केलं, नवीन पिल्लाला तीन-चार पातं आणि स्वतःची मुळं आली की दोरा कात्रीने कापायचा आणि पिल्लू जागा बदलून लावायचं, त्याआधी कापलं तर पिल्लू रुसतं. लावताना बुंध्याचा पांढरा भाग वाळूच्या वर राहिला पाहिजे, तो पुरला तर मधून सडतं, माझी दोन अशीच गेली. आठाची मार्चपर्यंत साठच्या वर झाली, नंतर मी मोजणं सोडलं. अजून एक, बाजारात लिक्विड कार्बन म्हणून बाटली मिळते शेवाळ मारायला, ती वॅलिसला आणि हॉर्नवर्टला सोसत नाही, पातं वितळतात, भाऊंनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी घेतली नाही.

आणि एप्रिलमध्ये वॅलिसला फूल आलं! बारावीच्या पुस्तकात वाचलेलं आठवत असेल, मादी फूल स्प्रिंगसारख्या लांब देठावर वर पाण्याच्या पातळीपर्यंत येतं, आणि नर फुलं खाली बुडाशी सुटून स्वतः तरंगत वर येतात आणि वाहत वाहत मादी फुलापर्यंत पोचतात. मी ते पुस्तकात पाठ केलं होतं आणि वीस वर्षांनी स्वयंपाकघराच्या शेजारच्या टेबलावर बघितलं, ज्वारीच्या दाण्याहून लहान पांढरं फूल, दोऱ्याएवढ्या वेटोळ्या देठावर. मला फक्त मादीचंच फूल दिसलं कारण यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी असते आणि माझी सगळी बहुतेक एकाच मूळ झाडाची पिल्लं. मुलाला शाळेतून आल्यावर दाखवलं, तो डबा तसाच हातात धरून उभा होता.

हॉर्नवर्टबद्दल भाऊ म्हणाले होते, "ताई, हाई झाड मरत नही, त्याले रोकनं पडस." बरोबर होतं. याला मुळंच नसतात, वाळूत खोचलं तर खालचा भाग कुजतो आणि वर येतं, म्हणून मी अर्धं तरंगतं सोडलं आणि अर्धं दगडाला बांधलं. तोडलेला प्रत्येक तुकडा नवीन झाड होतो, डहाळीच्या बाजूने फुटवे येतात, वेगळं काही करावंच लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी विशीला उतरलं होतं तेव्हाही वाढ चालू होती, फक्त मंद. गप्पीची पिल्लं याच्यामुळेच वाचली, आधीच्या रिकाम्या टँकमध्ये आई स्वतःच पिल्लं खायची आणि एखाद-दुसरं राहायचं, आता प्रत्येक खेपेला पंधरा-वीस त्या सुयांच्या गुंत्यात लपून मोठी होतात. तक्रार एकच, जागा बदलली, लाईट कमी झाला किंवा पाणी एकदम बदललं की हे सुया गाळतं, पहिल्या आठवड्यात माझं फिल्टर तीनदा तुंबलं. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, जुना मोजा पण चालतो.

हायग्रोफिला आणि विस्टेरिया दोन्ही आपल्याकडचीच, भारतातली झाडं, म्हणून त्यांना इथली हवा परकी नाही. यांची लागवड म्हणजे उसाचं बेणं लावण्यासारखी. शेंड्याकडून चार-पाच इंच, पेराच्या जरा खाली कापायचं, खालच्या दोन पेरांची पानं काढायची आणि ती पेरं वाळूत खोचायची, आठवड्यात पेरातून पांढरी मुळं. मागे राहिलेल्या ठोंबाला दोन फुटवे येतात, म्हणजे एक कापलं की तीन शेंडे. सुटलेलं एखादं पान तरंगत राहिलं तरी त्याला मुळं फुटलेली मी पाहिलीत. फेब्रुवारीत हायग्रोफिलाच्या जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, मी गोगलगायींवर आळ घेतला होता पण ती पोटॅशची कमतरता निघाली, मग अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं पोटॅशवालं द्रवखत आठवड्याला थोडं सुरू केलं आणि नवीन पानं अखंड आली. नवीन शेंडाच पिवळा पडत असेल तर ते बहुतेक लोहाचं, हा फरक लक्षात ठेवला की निम्मी औषधं घ्यावी लागत नाहीत. आणि आपली काळी माती खाली घालू नका, कितीही सुपीक असली तरी. मी एका टबात घालून बघितली, तीन आठवडे पाणी चहासारखं होतं.

ब्राह्मी ठीक. बाकीच्यांच्या मानाने सावकाश वाढते पण खोचलं की लागतेच, आणि गच्चीवरच्या टबात पाण्याबाहेर आली तेव्हा फिकट जांभळट पांढरी फुलं आली.

आता दुकानाची जी चूक वाटली ती पण लिहिते. जुडीबरोबर गोगलगायी आल्या आणि डकवीड आलं, दोन्ही न मागता. डकवीड म्हणजे टिकलीएवढी तरंगणारी पानं, आली तेव्हा पाच-सहा होती, दोन-तीन दिवसात दुप्पट होतात, महिन्यात सगळं पाणी झाकलं आणि खालच्या झाडांना उजेड मिळेना. विकताना जुडी नीट धुवून द्यायला काय हरकत आहे, हे मी भाऊंना तोंडावर सांगितलं, आणि पुढच्या वेळी त्यांनी खरंच बादलीत खळबळून दिली. तुम्ही कुठूनही आणा, पण आधी तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग साध्या पाण्यात चांगलं धुवा, मगच टँकमध्ये. अंडी तरी राहतात काही, म्हणून आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवलेलं उत्तम. तळ्यातून फुकट आणलेल्या हायड्रिलाला तर हे करायलाच पाहिजे, आमच्या ओळखीच्यांनी तशीच टाकली आणि तिच्यातून चतुराची अळी आली, पाण्यात ती शिकारी असते, त्यांची बारकी पिल्लं एकेक करून संपली आणि त्यांना दोन आठवडे कारण कळलं नाही.

गोगलगायींचा वैताग नको म्हणून मी एप्रिलच्या शेवटी ऑनलाइन टिश्यू कल्चरचा कप मागवला होता, जमिनीवर गालिचा होतो ते बारीक झाड, साडेतीनशे रुपये. टिश्यू कल्चर काय असतं हे जळगावच्या माणसाला सांगायला नको, जी-नाईन केळीची रोपं आपण कधीपासून तशीच लावतोय, आणि कल्पना चांगलीच आहे, बंद कपात जेलीवर वाढलेलं, ना शेवाळ ना गोगलगाय. पण कुरियर चार दिवस वाटेत आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कप उघडला तर आत शिजलेली मेथी. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, "लाईव्ह प्रॉडक्ट" म्हणाले. मार्च ते जून खानदेशात जिवंत झाड ऑनलाइन मागवू नका, कोणाकडूनही नाही, थंडीत मागवा.

मे महिन्यात टँकचं पाणी दुपारी चौतीसला गेलं. विस्टेरियाची वाढ थांबली, ब्राह्मीची खालची पानं गेली, वॅलिस आणि हॉर्नवर्ट तगून राहिले. उपाय स्वस्त आहे, आपली हवा कोरडी म्हणून कूलर चालतो ना, तसंच टँकचं झाकण काढून छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडायचा, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माझं तीन डिग्रीने उतरलं. पण रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं आणि क्षार मागेच राहतात, म्हणून वर भर घालताना परत बोअरचं घालू नका, नाहीतर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. मी आरओचं घालत होते, अर्धी बादली रोज नाही लागत.

आणि एक गोष्ट मी शिकले ती तीन मासे गमावून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात टँक झाडांनी गच्च होता, मला अभिमान वाटायचा, कापायचा जीवच होत नव्हता. रात्री अकराला लाईट गेली ती पहाटे आली. सकाळी मासे सगळे वर तोंड करून आणि तीन मॉली तळाशी. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात पण रात्री तीही ऑक्सिजनच घेतात, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, आणि फिल्टर बंद म्हणजे पाणी हलत नाही, तिन्ही एकाच रात्री. तेव्हापासून उन्हाळा लागायच्या आधी झाडं अर्धी काढायची हा नियम केलाय, आणि बॅटरीवरचा एअर पंप घेतला, लाईट गेली की आपोआप सुरू होतो. फॅन आणि पंप दोन्ही आधीच घेऊन ठेवा, झाडांच्या खर्चात धरा.

कापलेल्या झाडांचं काय करायचं हे कोणी विकताना सांगत नाही, ते मी सांगते कारण मला याची काळजी वाटते. नाल्यात, तळ्यात, नदीत टाकू नका. हॉर्नवर्टचा एक तुकडा पुरतो हे वर लिहिलंच आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच जगभर नेली गेली आणि आज ती काय करते ते आपण बघतोच. आपली हायग्रोफिला आणि हायड्रिला तिकडे अमेरिकेत सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत, तीही टँकमधूनच तिकडच्या पाण्यात गेली. कबोम्बा, अ‍ॅमेझॉन फ्रॉगबिट, जायंट साल्विनिया ही इथल्या दुकानात मिळणारी झाडं आपल्याकडची नाहीत, मेहरूण तलावात किंवा गिरणेत, तापीत गेली तर कोण काढणार. मी कापलेलं सगळं गच्चीत उन्हात वाळवते, दोन दिवसात कुरकुरीत होतं, मग कुंडीत. डकवीड शेजारच्या कोंबड्यांना, त्या तुटून पडतात. टँकचं बदललेलं पाणी कढीपत्त्याला.

राहिलेल्या चांगल्या जुड्या भाऊ परत घेतात, पैसे नाही देत पण माशांचं खाणं देतात, मागच्या महिन्यात वॅलिसच्या तीस रोपांवर शंभर ग्रॅमचा डबा मिळाला. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा डकवीडचा कापला. परवा गेले तेव्हा दुकानात एक मुलगा उभा होता, कॉलेजातला वाटला, बोअरचं पाणी आहे म्हणत होता आणि हातात माझ्याच टँकमधली जुडी. मी त्याला बुंधा वर ठेवून लाव एवढं सांगून आले.